सोवळ्यातला पासवर्ड

"तोंड तिकडे कर."

काका म्हणाले आणि मी केलं. भिंतीकडे. सव्वीस वर्षांची बाई, गणितात एम.एस्सी., क्लासमध्ये दहावीच्या पोरांना शिकवणारी. वाईतल्या एका घराच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून उभी. समोर दूध डेअरीचं कॅलेंडर. मागं पाटावर माझा लॅपटॉप. त्यावर काका एका बोटानं टाइप करत होते. टक. टक. मधेच थांबायचे, मी वळून बघतेय का ते बघायला. मग परत टक.

"हं. लागलं. घेऊन जा."

मी लॅपटॉप उचलला. काका उठून मोरीकडे गेले आणि साबण लावून हात धुतले. मी ते बघितलं. बघितलंच नाही असं धरून जिना चढले.

एवढंच झालं. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. वायफायचा पासवर्ड टाकून दिला, बस. पुण्याची मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं, त्यात एवढं काय?" मला तेव्हा तिला नीट सांगता आलं नाही. नुसती खोलीत फेऱ्या मारत राहिले. आता सांगते.

मी वडूजच्या पलीकडची. आमचे अण्णा, म्हणजे वडील, फौजेतनं रिटायर झालेले. मला वाईत एका क्लासवर शिकवायचं काम मिळालं, म्हणून खोली शोधली. घरमालक काका-काकू दोघंच राहायचे. मुलगा, सून, नात परदेशात. वरच्या मजल्यावर एक खोली, बाहेरून जिना. करारात स्पष्ट लिहिलेलं, वीज, पाणी आणि वायफायसकट. काकांनी गाव विचारलं, शिक्षण विचारलं. आडनाव ऐकून थोडे थांबले. आमचं आडनाव दोन्हीकडे चालतं, त्यामुळं त्यांचा अंदाज त्यांनीच बांधला. मी खोटं बोलले नाही. अण्णांनी निघताना सांगितलं होतं, "भाड्यानं ऱ्हातीयास. कुणी इचारलं तरच बोल." कुणी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी काय थाट! काकू थालीपीठ घेऊन वर आल्या. मी म्हटलं, वायफाय कसं जोडायचं? तर काका खालच्या अंगणातनं ओरडले. देवीचं नाव, पहिलं अक्षर कॅपिटल, पुढं घर बांधल्याचं साल. एवढ्या मोठ्यानं, की समोरचा इस्त्रीवाला हसायला लागला. म्हणाला, "काका, आता माझं बी लागंल की!" काका म्हणाले, "लागू दे रे, आपलंच आहे." मी तो पासवर्ड लॅपटॉपवर टाकला. कुलपाचं चिन्ह होतं तिथं लाटा आल्या. झालं. जोडलं.

आणखी एक सांगते, कारण ते मला विसरायचं नाही. एकदा सकाळी त्यांच्या नातीचा व्हिडिओ कॉल आला. काकांच्या फोनच्या काचेला तडा गेलेला, पोरगी नीट दिसेना. काकूंनी मला हाक मारली. मी लॅपटॉप घेऊन थेट देवघराच्या दारात गेले. काका सोवळं नेसून पूजेला बसलेले. त्यांनी स्वतः लॅपटॉप मांडीवर घेतला. नात म्हणाली, "आजोबा, दात पडला." काकांच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, तिच्या गालावर. मलाही भरून आलं. माझे आजोबा मी बघितलेले नाहीत. वाटलं, तेही असेच असते.

मग आई आली.

दोन दिवस राहायला आली होती. भुईमुगाच्या ओल्या शेंगा घेऊन आली, काकूंना पाटी भरून दिल्या. संध्याकाळी दोघी ओट्यावर बसल्या. आई माझी बोलकी. तिला माणूस मिळालं की झालं. बोलता बोलता काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे लग्नं कशी लावतात हो? खर्च फार असतो का?"

आई लगेच म्हणाली, "खर्च कसला आवं! आमच्यात बुद्धवंदना घ्यायची, हार घालायचं, झालं लगीन. भटजी न्हाई, मुहूर्त न्हाई. लय सादं. हिचं बी तसंच लावायचं हाय."

किती अभिमानानं सांगितलं तिनं. मी जिन्यावर उभी होते. आईचा चेहरा उजळलेला दिसला मला. आणि काकूंच्या हातातला कप बशीवर टेकलेला दिसला.

"हो का," काकू म्हणाल्या. "दूध तापत ठेवलंय," म्हणून आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. आईला काही कळलं नाही. ती बराच वेळ वाट बघत बसली, मग म्हणाली, "काकू कामात दिसत्यात." दुसऱ्या दिवशी त्या शेंगा कामाला येणाऱ्या मावशींच्या पिशवीत दिसल्या. सगळ्या. एकही काढून घेतली नव्हती.

आई गेली आणि आठवड्याभरात लॅपटॉपनं पासवर्ड विचारला.

मी टाकला. चुकीचा म्हणाला. परत टाकला, देवीचं नाव, साल. चुकीचा. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय. नेटवर्क विसरा असं एक बटण असतं, ते दाबलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. कॅपिटल अक्षर तपासलं. फोनवर करून बघितलं. तासभर नुसती धडपड. माझी अक्कल बघा, मी मशीनवर संशय घेत होते!

शेवटी यादी नीट बघितली. आसपासच्या घरांची नावं, आणि त्यात आमच्या घराची दोन. आधी एकच होतं. आता एक 'घर'. एक 'बाहेर'. दोन्हींपुढं कुलूप.

मी खाली गेले. काका म्हणाले, "बदललं ते. मुलानं फोनवर सांगून करून घेतलं. सुरक्षेसाठी करावं लागतं हल्ली. तुझ्यासाठी वेगळं करून दिलंय, ते 'बाहेर' आहे ना, ते."

"पासवर्ड काय हाय त्याचा?" मी विचारलं.

"सांगायचा नाही कुणाला, असं ठरलंय. मी टाकून देईन. मशीन घेऊन ये."

आणि तिथं पहिल्यांदा तोंड तिकडे करायला सांगितलं.

वायफायचा डबा एकच. त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीवर ठेवलेला. त्यातनंच 'घर' निघतं आणि त्यातनंच 'बाहेर'. 'बाहेर' इतकं हळू, की एक धडा उघडायला चहा करून व्हायचा. अण्णा सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावात शाळेत पाणी वरनं ओतायचे, ह्यांनी ओंजळ धरायची. मी ऐकायचे आणि मनात म्हणायचे, अण्णा, झालं ते, आता तसं राहिलं नाही. शिकलेली ना मी!

मग ते नेहमीचंच झालं. दर शुक्रवारी रात्री काका पासवर्ड बदलायचे. शनिवारी माझं तुटलेलं असायचं. त्याचीही वेळ होती. काकांच्या अंघोळीच्या आधी, नाहीतर दुपारच्या झोपेनंतर. मधल्या वेळात ते सोवळ्यात. सोवळ्यात माझ्या मशीनला हात लागत नाही. मी पहाटे उठून लॅपटॉप घेऊन ओट्यावर उभी राहायची, काका दात घासत यायचे, पाटाकडे बोट करायचे. मी ठेवायची. सरकायची. भिंत.

खोली सोडून का दिली नाही, असं विचारतील लोक. वाईत एकट्या पोरीला खोली मिळवणं किती अवघड आहे, ते ज्यानं शोधली त्यालाच माहीत. आणि क्लास बंद पडायला आला होता. पोरं कमी झाली होती. मला दुसरं काम पाहिजे होतं, नाहीतर वडूजला परत. परत म्हणजे लग्न, चूल, संपलं. एका कंपनीची जाहिरात बघितली, घरी बसून मुलांना ऑनलाइन गणित शिकवायचं. माझ्यासारखीसाठी सोन्यासारखं काम. अर्ज केला. त्यांनी मुलाखतीसाठी शनिवारी सकाळची वेळ दिली. वीस मिनिटं त्यांच्यासमोर शिकवून दाखवायचं.

मी काकांना आधीच सांगितलं. हात जोडून सांगितलं म्हटलं तरी चालेल. "काका, ह्या शुक्रवारी बदलू नका. शनिवारी माझी मुलाखत आहे."

"बघू," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली, ती माझ्या डोक्यातनं जात नाही. लाईट जाऊन आली आणि लॅपटॉपनं परत पासवर्ड विचारला. मी खाली गेले. काका पाटाशी बसले. ते काही बोलायच्या आधीच मी तोंड फिरवलं. आपसूक. कुणी सांगितलं नव्हतं. पायांनीच वळवलं मला. कॅलेंडरवरची तारीख वाचली आणि अंगातनं वीज गेल्यासारखं झालं. अरे, हे काय केलं मी? मला सवय लागली? ह्याची? त्या दिवशी क्लासमध्ये फळ्यावर एकच गणित दोनदा लिहिलं. जेवण गेलं नाही. रागावायचं कुणावर तेच कळेना.

शनिवार उजाडला. लॅपटॉप उघडला. चुकीचा पासवर्ड.

बदलला होता.

मी धावत खाली गेले. काका अंघोळ करून सोवळं नेसून देवघरात बसलेले. घंटा, उदबत्ती सगळं चालू.

"काका, पासवर्ड. माझी मुलाखत आहे आत्ता."

"आता मी सोवळ्यात आहे गं. तुझ्या मशीनला हात लावता येणार नाही मला."

"मग तोंडानं सांगा. मी टाकते."

"सांगायचा नाही असं ठरलंय ना आपलं."

आपलं! कधी ठरलं होतं आपलं? हातानं टाकायचा तर सोवळं, तोंडानं सांगायचा तर नियम. मी देवघराच्या दाराबाहेर उभी, छातीशी लॅपटॉप धरून. अण्णांनी आणला होता तो साताऱ्याहून. एसटीत वरच्या फळीवर ठेवायला कंडक्टर म्हणाला, तर अण्णांनी ऐकलं नाही, वडूजपर्यंत मांडीवर धरून आले होते.

काकूंना दया आली. खरंच आली, मी नाही म्हणत नाही. त्या स्वयंपाकघरातनं लगबगीनं आल्या. हातात ओलं फडकं. तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडत म्हणाल्या, "थांब, थांब. दे इकडे. मी पुसून देते, मग हे टाकतील. वेळ जाणार नाही तुझा."

हात पुढं केला त्यांनी. फडक्यातनं पाणी गळत होतं.

मला काय झालं माहीत नाही. मी त्या घरात नेहमी शुद्ध बोलायची. जपून, 'आहे', 'नाही', 'हो'. फार झालं तर एखादा 'हाय' निसटायचा. त्या क्षणी ते सगळं गळून गेलं आणि माझ्या घरची बोली तोंडातनं आली.

"पुसायचं न्हाई."

काकू थांबल्या.

"हात लावायचा न्हाई फडक्यानं. माजा लॅपटॉप हाय ह्यो. ह्याला काय घाण लागलीया, ते सांगा मला आधी."

काका आसनावरनंच म्हणाले, "आवाज कमी. जातीचं काही आणू नकोस इथे. आम्ही जात मानत नाही. सोवळं वेगळं, जात वेगळी."

"सोवळं वेगळं व्हय? मग नातीचा फोन आला तवा काय नेसला हुता तुमी? ह्योच लॅपटॉप मांडीवर घेतला हुता. ह्याच्यावरच बोट ठिवलं हुतं. तवा कुणी पुसला न्हाई त्यो! माजी आई येऊन गेली आन् मग ह्याला इटाळ झाला का?"

घंटा काकांच्या हातातच राहिली. काकू खाली बघत होत्या. त्या फडक्याचं पाणी त्यांच्याच पायावर गळत होतं, पण त्यांनी हात मागं घेतला नाही, पुढंही केला नाही.

"सकाळी सकाळी देवघरात तमाशा नको," काका म्हणाले. "जा वर."

मी वर गेले नाही. रस्त्यावर गेले. खोलीत मोबाईलचं नेट चालत नाही, भिंती जाड. गल्लीत उभी राहिले, तिथंही नीट नाही. तशीच तरातरा घाटावर गेले. पायऱ्यांवर बसले, फोन शेजारी ठेवला, त्याच्यावरनं लॅपटॉप जोडला. बायका धुणी आपटत होत्या. कुणीतरी नदीत डुबकी मारून स्तोत्र म्हणत होतं. उन्हामुळं स्क्रीन दिसेना, म्हणून ओढणी डोक्यावरनं पुढं ओढून तंबू केला. धुणं धुणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "काय गं, परीक्षा हाय का?" मी मान हलवली. त्यांनी बाकीच्यांना दटावलं, "आवं, जरा हळू आपटा." आपटणं हळू झालं.

मुलाखत घ्यायला एक मॅडम होत्या. मी त्रिकोणाचं क्षेत्रफळ शिकवायला घेतलं. चांगलं शिकवत होते, मला माहीत आहे. पण मधेच आवाज तुटायचा, चित्र थांबायचं. तिसऱ्यांदा थांबल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नक्की कुठे बसलाय?"

"घाटावर."

"तुमच्या घरी वायफाय नाहीये का?"

"आहे."

"मग?"

मी सांगू शकले असते, बिघडलंय. लाईट गेलीय. शंभर कारणं असतात. सगळ्यांकडे असतात.

"घरमालक मला देत नाहीत. माझी जात कळल्यापासून."

मला वाटलं परत तुटलं. पण तुटलं नव्हतं, त्यांच्यामागचा पंखा फिरताना दिसत होता. मग म्हणाल्या, "बरं. आपण क्षेत्रफळ पुढे घेऊ या."

संध्याकाळी मेल आला. तुमचं शिकवणं छान आहे, पण घरी खात्रीचं इंटरनेट नसल्यामुळे निवड करता येत नाही. शुभेच्छा.

मी तो मेल वाचला आणि रडले नाही. बरं वाटेल असं काहीच नव्हतं त्यात, आणि मला बरं वाटून घ्यायचंही नव्हतं. सरळ खाली गेले. करार हातात घेऊन. काका टीव्ही बघत होते, म्हणजे आता सोवळ्यात नव्हते.

"काका, करारात वायफाय लिहिलंय. 'बाहेर' लिहिलेलं न्हाई. मला घरचा पासवर्ड पाहिजे. न्हाई द्यायचा, तर का न्हाई ते कागदावर लिहून सही करून द्या."

"लिहून काय द्यायचंय त्यात?" त्यांचा आवाज चढला. "पटत नसेल तर खोली रिकामी कर."

"करार संपल्याबिगर करत न्हाई. लिहून द्या."

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी तिथंच उभी राहिले. बराच वेळ. त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. लिहूनही दिलं नाही. का नाही दिलं? कारण लिहिता येण्यासारखं ते नाहीच. बोलून, हात धुऊन, फडकं ओलं करून ते करता येतं. सही करून करता येत नाही. हे मला त्या टीव्हीच्या गोंगाटात उभं राहून कळलं.

अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "सामान भर. मी टेम्पो घिऊन येतो."

"अण्णा, न्हाई. मी सामान भरत न्हाई."

मग आईनं फोन घेतला. आणि माझ्या आईचा तो आवाज! एवढा बारीक आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "माजंच चुकलं गं बाये. मी त्या लग्नाचं बोलायला नगं हुतं. गप बसली असती, तर तुला नोकरी लागली असती. आता न्हाई मी येत तकडं कवा."

नोकरी गेली ते मी सोसलं. ते फडकं सोसलं. हे मला सोसवेना. ती बाई आयुष्यात कधी कुणापुढं खाली बघून बोलली नाही. आणि आता तिला स्वतःच्या लग्नाची, वंदनेची, स्वतःच्या तोंडाची लाज वाटायला लागली? ह्यांच्यामुळं? मी तिच्यावरच ओरडले फोनमध्ये.

"आई, तुजं काय चुकलं? काय चुकलं सांग! तू खरं सांगितलंस. तेवढं एकच खरं त्या ओट्यावर कुणीतरी बोललं!"

ती रडायला लागली. मग मीही.

आता ठरलंय. दुसऱ्या एका कंपनीत अर्ज केलाय, गुरुवारी बोलावलंय. ही मुलाखत मी ह्याच खोलीतनं देणार. खोलीची चावी माझ्याकडे आहे, भाडं मी भरते, करार माझ्या नावावर आहे. रोज सकाळ-संध्याकाळ खाली जाते, घरचा पासवर्ड मागते. काका रोज नाही म्हणतात, मी रोज मागते. आवाज चढवत नाही, हळूही करत नाही. गल्लीतल्या लोकांना आता माहीत झालंय. विचारतात, कशावरनं वाजलं? मी सांगते. सगळं सांगते, फडक्यासकट. इथून पुढं कुठंही खोली बघायला गेले, तर चपला काढायच्या आधी माझी जात मीच सांगणार. त्यांनी अंदाज बांधायचा नाही.

आई रविवारी येतेय. नाही नाही म्हणत होती, पण मी ऐकलं नाही. म्हटलं, पहिल्या गाडीनं ये, मी स्टॅंडवर येते. आणि ओट्यावर बसायचं. काकू बाहेर येवोत, न येवोत. कुणी विचारलं तर सांगायचं, न विचारलं तरी सांगायचं, आमच्यात लग्न कसं लावतात ते. पहिल्यासारखं, मोठ्यानं.